चार फेऱ्या कोकणात, बाकीचं वर्ष घोडबंदरला

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, वाघबीळजवळ राहतो. माझं ऑफिस महापेला आहे. एकेरी २२ किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस. घरात आम्ही दोघं, अकरावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. आईबाबा चिपळूणजवळ गावी असतात. वर्षातून चारदा आम्ही तिकडे जातो, आणि दसऱ्यानंतर दोन महिने ते इकडे येतात. आईचे गुडघे दुखतात. जुनी पेट्रोल हॅचबॅक आता काढायची आहे. बजेट सगळं धरून २३ लाख. मला स्कॉर्पिओ-एन किंवा सफारीसारखी मोठी डिझेल ऑटोमॅटिक हवी आहे. मुलगी हायब्रिडवर अडून बसली आहे. ‘एवढं धूड तुम्ही एकटे ऑफिसला नेणार?’ म्हणते. मित्र सांगतात की हायब्रिडची बॅटरी गेली की लाखांचा फटका, घाटात तिला दम लागतो, पाण्यात ती बंद पडते आणि ठोकर बसली तर वजनदार गाडीच वाचवते. काय करू?

उत्तर : आधी तुमचं वर्ष किलोमीटरमध्ये मांडू. रोजचे ४४ आणि कामाचे दिवस २४० धरले तर १०,५६० किलोमीटर नुसते ऑफिसचे. चिपळूणच्या चार फेऱ्या, तिथलं फिरणं धरून, फार तर २,४००. लग्नकार्य, बाजार, मुलांचे क्लास यांचे २,०००. ढोबळ १५,००० झाले. त्यातले दोन तृतीयांशांहून जास्त वाघबीळ, कापूरबावडी, माजिवडा, कळवा पूल, विटावा, ऐरोली या माळेवर जाणार, तेही तुम्ही एकटे असताना. तासांत मोजलं तर हा वाटा आणखी फुगेल.

म्हणून आमचं मत आधीच सांगतो : तुम्ही पाच आसनांची स्ट्राँग हायब्रिड घ्या, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरी आणि मोटरची जोड असलेली, नुसत्या विजेवरही काही अंतर जाणारी. तुमच्या बजेटात ग्रँड विटारा, हायरायडर आणि व्हिक्टोरिस यांची त्या प्रकारची मॉडेलं येतात. पण तुमचे मित्र अगदीच चुकीचं सांगत नाहीत, आणि मुलीचंही सगळं बरोबर नाही.

मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत काय होतं ते बघा. मोठ्या डिझेल गाडीचं वजन दोन टनांच्या आसपास. तेवढं वजन ढकलून ३० च्या वेगाला न्यायचं आणि पुढच्या रिक्षाने ब्रेक मारला की ती सगळी मेहनत ब्रेकच्या डिस्कवर उष्णता करून उधळायची, हे एका प्रवासात शेकडो वेळा. मधल्या वेळात इंजिन जागेवर चालू, कारण एसीचा कॉम्प्रेसर त्याच्याच पट्ट्यावर फिरतो. स्ट्राँग हायब्रिडमध्ये गाडीच सुमारे १,३०० किलोची. ब्रेक दाबला की आधी मोटर जनित्र होऊन वेग बॅटरीत साठवते, आणि रांग सरकली की त्याच विजेवर गाडी पुढे जाते. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे मे महिन्यात माजिवड्याला दहा मिनिटं अडकलात तरी इंजिन बंद आणि एसी चालू, असं बराच वेळ चालतं. बॅटरी उतरली की इंजिन आपणहून सुरू होतं, ती थोडी भरतं आणि पुन्हा थांबतं.

इथे एक सापळा आहे. शोरूममध्ये ‘स्मार्ट हायब्रिड’ किंवा ‘माइल्ड हायब्रिड’ असं काही दाखवतील. त्यात बारा व्होल्टची छोटी मदतनीस यंत्रणा असते. ती इंजिनाला हातभार लावते, पण गाडी नुसत्या विजेवर चालवत नाही, आणि सिग्नलला इंजिन थांबलं तर एसीची थंड हवाही थोड्या वेळात संपते. एकच साधी खूण विचारा : रांगेत इंजिन पूर्ण बंद ठेवून गाडी पुढे जाते का? नाही म्हणाले तर ती हायब्रिड तुमच्या कामाची नाही, मागच्या दारावर काहीही लिहिलेलं असो.

आता पैसे. ग्रँड विटारा हायब्रिडचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. तो प्रयोगशाळेतला, ठरलेल्या वेगांच्या चक्रावरचा. रस्त्यावर, एसी लावून, वर्षाची सरासरी २० धरा. दोन-सव्वादोन लिटरच्या डिझेल ऑटोमॅटिकला ठाण्याच्या रहदारीत ९ ते १०, हायवेला १४. तुमच्या मिश्रणात ११. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरलं तर १५,००० किलोमीटरला हायब्रिड ७५० लिटर पिते, म्हणजे ७८,००० रुपये. डिझेल गाडी १,३६४ लिटर, सुमारे १,२२,७०० रुपये. फरक वर्षाला पंचेचाळीस हजारांच्या आत. तीच मोठी गाडी टर्बो पेट्रोलमध्ये घेतली आणि लिटरला ८ मिळाले, तर बिल १,९५,००० वर जातं. तेव्हा डीलर ‘डिझेलला वेटिंग आहे साहेब, पेट्रोल लगेच देतो’ म्हणाला तर चहा घ्या आणि निघा.

मायलेजच्या आकड्यांनी एक डोळेझाक होते. लिटरला २० ऐवजी २५ मिळाले तर तुमचे वर्षाला १५० लिटर वाचतात. ८ ऐवजी ११ मिळाले तर ५११. म्हणून एका हायब्रिडचे २८ आणि दुसरीचे २७ यावर घरात वाद घालू नका. तिथे डिकी, सीट आणि सर्व्हिस सेंटर किती जवळ आहे, एवढं बघा.

मात्र ‘हायब्रिड पैसे वाचवते’ हे प्रत्येकाला लागू नाही. ग्रँड विटाराचीच माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिक लिटरला १३ देईल असं धरलं, तर तुमचा इंधनखर्च १,२०,००० होईल. हायब्रिडने वर्षाला ४२,००० वाचले आणि दोन्हींच्या किमतीत अडीच लाखांचं अंतर असलं, तर ते भरून यायला सहा वर्षं लागतात. वर्षाला ८,०००च किलोमीटर चालवणाऱ्याला अकरा वर्षं लागतील. त्याने हायब्रिडच्या भानगडीत पडू नये. तुम्ही फायद्याच्या सीमेच्या आत आहात, पण फार आत नाही.

कराचा जुना हिशेब कोणी ऐकवत असेल तर तो आता शिळा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्के आणि अशा हायब्रिडवर ४३ टक्के होते. आता दोन्हींवर सरसकट ४०. हायब्रिडची ती सवलत संपली. राज्याच्या रोड टॅक्समध्ये मात्र फरक उरतो : वैयक्तिक नावावर, १० ते २० लाखांच्या गाडीला पेट्रोलवर १२ टक्के, डिझेलवर १४. एक्स-शोरूम १८ लाखांवर हे अंतर ३६,००० रुपयांचं. विम्यात १,५०० सीसीची रेघ महत्त्वाची आहे. या हायब्रिडचं इंजिन १,४९० सीसीचं. २०२२च्या दरपत्रकानुसार नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता रेघेखाली १०,६४० आणि रेघेवर २४,५९६ रुपये, वर जीएसटी. हायब्रिडला त्यात साडेसात टक्के सूट.

डिझेलबद्दल मित्र एक गोष्ट सांगायला विसरले, आणि तुमच्या बाबतीत तीच सगळ्यात मोठी आहे. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. ती भरत आली की इंजिन जास्तीचं डिझेल टाकून काजळी जाळतं, आणि त्यासाठी गाडी साधारण साठच्या वर, न थांबता, पंधरा-वीस मिनिटं चालावी लागते. वाघबीळ ते महापे रोज हे जमणार नाही. अर्धवट जळण वारंवार झालं की न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते आणि त्याला डिझेलचा वास येतो. तरीही डिझेलच घेतलीत, तर डॅशबोर्डवर गाळणीचा दिवा लागल्यावर गाडी बंद करू नका. रविवारी पहाटे पूर्व द्रुतगती महामार्गावर वीस मिनिटं, खालच्या गिअरमध्ये, दोन हजारांच्या आसपास आरपीएम ठेवून न्या. ऑइल पुस्तिकेत सांगितलेलं लो-ॲश, म्हणजे कमी राख सोडणारंच भरा. गल्लीतल्या गॅरेजने दुसरं ओतलं तर गाळणी लवकर बुजते. दिव्याकडे दुर्लक्ष झालं की गाडी ताकद कमी करून घेते आणि मग सर्व्हिस सेंटरशिवाय गत्यंतर नाही. हीच गाडी रोज नाशिकला जाणाऱ्याकडे वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही.

बॅटरीच्या भीतीत तथ्य थोडं आणि अफवा जास्त. हायरायडर आणि ग्रँड विटाराची हायब्रिड बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासांची आहे. पूर्ण विजेच्या गाडीच्या बॅटरीपुढे ती लिंबूटिंबू. गाडी तिला कधी पूर्ण भरत नाही, कधी पूर्ण रिकामी करत नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवते, म्हणून ती टिकते. वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. तुमच्या वापराने आठ वर्षांत १,२०,००० होतील, म्हणजे वॉरंटी वर्षांनी संपेल, किलोमीटरने नाही. बदली बॅटरीची किंमत मित्राला विचारू नका; डीलरच्या पार्ट्स काउंटरवर पार्ट नंबरसह लेखी घ्या.

ती लवकर मरते ती दोन कारणांनी. एक, थंड हवा ओढणारी जाळी बुजते. जाळी कुठे आहे ते पुस्तिकेत बघा, तिच्यावर पिशव्या आणि चादरी टाकू नका, आणि प्रत्येक सर्व्हिसला तिचा फिल्टर साफ केल्याचं जॉबकार्डवर लिहून घ्या. घोडबंदरच्या धुळीत तो अपेक्षेपेक्षा लवकर काळा होतो. दोन, बाहेरच्या दुकानातून वायर कापून बसवलेले दिवे आणि ॲम्प्लिफायर. त्यांनी वॉरंटीचा वाद उभा राहतो. आणखी एक बॅटरी लोक विसरतातच : साधी बारा व्होल्टची. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होण्याच्या स्थितीत येत नाही. दुसऱ्या बॅटरीला तारा जोडून जम्प देऊन काम भागतं, पण आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याच्या गाडीला जम्प देऊ नका.

घाटात दम लागतो का? लागतो. चढ लांबला की छोटी बॅटरी उतरते आणि उरतं ते ९२ पीएसचं तीन सिलिंडरचं इंजिन. भरल्या गाडीत, एसी लावून, ते वरच्या आरपीएमवर घोंघावत राहतं. ओव्हरटेक करताना अंदाज लांबचा ठेवावा लागतो. मोठ्या डिझेलचा जोर इथे खरोखर आनंदाचा असतो, यात शंका नाही. पण तुमच्या वाटेवर कशेडीचा बोगदा झालाय, परशुराम घाट छोटा आहे. कुंभार्ली चढून कऱ्हाडकडे वरचेवर जाणार असाल तरच हा मुद्दा वजनदार. उतारावर बॅटरी भरली की मोटरचं ब्रेकिंग कमी होतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. त्यासाठी गिअरच्या दांड्यावर ‘बी’ असतो, इंजिनाने गाडी रोखायला. लांब उतारावर तो लावा, सपाटीला आल्यावर काढा.

पाण्याचं मात्र नीट ऐका. विजेच्या मोठ्या तारा बंदिस्त असतात आणि गळती जाणवली तर यंत्रणा प्रवाह तोडते. शॉक बसेल ही भीती अनाठायी आहे. धोका प्रत्येक गाडीला असतो तोच : हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की इंजिन जाम होऊन दांडे वाकतात. हायब्रिडमध्ये एक वेगळी खोच आहे. तिचं इंजिन तुम्हाला न विचारता सुरू होतं. म्हणून वंदनाच्या चौकात पाणी साचलंय आणि गाडी अडकली, तर ‘विजेवर तर आहे’ म्हणून बसून राहू नका. पॉवर बटण दाबून गाडी पूर्ण बंद करा, उतरा, पुन्हा सुरू करून बघण्याचा मोह टाळा. टो करताना पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका, चाकांबरोबर मोटर फिरून वीज तयार होते, फ्लॅटबेडच मागवा. विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षण घ्या, नाहीतर पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाचा दावा साध्या पॉलिसीत बहुधा नाकारतात. उंच गाडीला काही इंच जास्त मिळतात हे खरं. पण अर्धं चाक बुडेल एवढ्या पाण्यात कोणतीच गाडी घालू नये. २०२१च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा त्याने उंच-बुटकी असा भेद केला नव्हता.

वजनदार गाडी हलकीला धडकली तर आतल्यांना फायदा होतो, हे भौतिकशास्त्र आहे. पण खांब, कठडा आणि ट्रक तुमच्याहून जडच असतात. तिथे वाचवते ती रचना, पट्टे आणि एअरबॅग. व्हिक्टोरिसला २०२५ मध्ये भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले आहेत, स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच. दोन्हीकडे पाच मिळतात, म्हणजे आकारावर सगळं ठरत नाही. आणि ज्या सोसायटीच्या आवारात संध्याकाळी मुलं खेळतात, तिथे उंच बॉनेटसमोरचं लहान मूल दिसत नाही, हेही त्याच हिशेबात धरा.

आवारावरून आठवलं. पार्किंग मोजलंत का? साधी जागा २.५ बाय ५ मीटरची असते, पण खांबाने त्यातलं वीतभर खाल्लेलं असतं. सफारी आरसे सोडून १,९२२ मिलिमीटर रुंद, स्कॉर्पिओ-एन १,९१७, हायरायडर १,७९५. खांबाला लागून जागा असेल तर हे बारा सेंटिमीटर म्हणजे आईला दार पुरेसं उघडणं किंवा न उघडणं. यांत्रिक, एकावर एक पॅलेटचं पार्किंग असेल तर पॅलेटवरच्या पाटीवरची उंची आणि वजन लिहून घ्या. काही पॅलेट सेडानच्या उंचीचेच असतात आणि त्यात यांतली एकही गाडी मावत नाही. बुकिंगआधी कमिटीकडून लेखी घ्या.

हायब्रिडची खरी उणीव मित्रांनी सांगितलीच नाही : डिकी. बॅटरी मागे असल्याने ग्रँड विटारा हायब्रिडची डिकी २६५ लिटर. साध्या मॉडेलची ३७३. चौघांच्या बॅगा, येताना तांदळाचं पोतं, आंब्याची पेटी, कोकमाच्या बाटल्या हे त्यात मावणार नाही. छतावर कॅरियर लावला तर हायवेला मायलेज पडतं. डेमोला जाताना घरच्या दोन मोठ्या बॅगा घेऊन जा आणि डिकीत घालून बघा. सात आसनी गाडीतही तिसरी रांग उघडली की बॅगांना जागा उरत नाही, हे तिथेच ताडून बघा. आईंना दोन्ही गाड्यांत चढउतार करून बघू दे. उंच गाडीत पायरी चढून वर जावं लागतं, आणि गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त बोचतं.

डेमो सकाळी रिकाम्या रस्त्यावर देऊ करतील. तुम्ही संध्याकाळी सातला मागा. एसी २४ वर, गाडीत चौघं, ट्रिप मीटर शून्य करून कापूरबावडीपर्यंत आणि परत. मग गायमुखच्या चढावर. स्क्रीनवर किती टक्के अंतर विजेवर गेलं ते दिसतं, त्याचा फोटो काढा.

गाडी घेतल्यावर एक जुनी सवय मोडा. सिग्नलला न्यूट्रल करायची. हायब्रिडमध्ये न्यूट्रलला बॅटरी भरत नाही; एसी मात्र ती खात राहतो. लांब थांबायचं असेल तर पार्क, नाहीतर डी आणि ब्रेक होल्ड. ब्रेक लवकर आणि हलका दाबा. शेवटच्या क्षणी जोरात दाबला की साधे ब्रेक लागतात आणि वीज जमा होत नाही.

आता मुलीसाठी. तिचा मुद्दा आकड्यांत खरा आहे : एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो आणि डिझेल जळून २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे तुमच्या वापराने वर्षाला हायब्रिडचा १,७२५ किलो, मोठ्या डिझेलचा ३,६५० किलोंच्या पुढे. पण तिला हेही सांगा की हायब्रिड ही पेट्रोलचीच गाडी. तिला हिरवी नंबरप्लेट नाही, आणि अटल सेतू किंवा पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या गाड्यांना ऑगस्ट २०२५ पासून असलेली टोलमाफीही नाही. सोसायटीत तुमच्या जागेवर चार्जर बसवायची परवानगी मिळत असेल, तर रोजच्या ४४ किलोमीटरना विजेची गाडी हायब्रिडपेक्षाही स्वस्त पडेल. तुम्ही ते विचारलं नव्हतं, म्हणून एवढंच.

मोठी गाडी कोणत्या अटीवर घ्यावी, तेही सांगतो. आईबाबा कायमचे ठाण्यात राहायला येणार असतील आणि सहा जण महिन्यातून दोन-तीनदा एकत्र निघणार असतील, तर पाच आसनी गाडी चुकेल. सात आसनी आणि हायब्रिड असं दोन्ही देणारी इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड २३ लाखांत बसत नाही; तेव्हा डिझेल घेऊन गाळणीची काळजी वाहणं भाग आहे. आज मात्र तसं नाही. दसऱ्यानंतरच्या दोन महिन्यांत सहा जणांनी मिळून जायचं ठरलं, तर त्या दिवसापुरती चालकासह इनोव्हा सांगा. पाच-सहा दिवसांचं भाडं इंधनातल्या त्या पंचेचाळीस हजारांतच भागेल.